कोड कधी आला, ते आधी लिहा

आमच्या डिशवॉशरवर बिघाडाचा कोड यायचा तो शनिवारी, नाहीतर रविवारी. आठवडाभर यंत्र निमूटपणे भांडी घासायचं आणि सुट्टीच्या सकाळी, सगळे घरात असताना, मध्येच थांबून टीं टीं करत बसायचं. पडद्यावरच्या अक्षरांचा अर्थ पुस्तिकेत दिलेला होता : पाणी बाहेर जात नाही. (अक्षरं कोणती ते लिहीत नाही. लिहिली की कंपनी कळेल, आणि यात यंत्राचा काही दोष नव्हता.)

सर्व्हिसचा मुलगा आला बुधवारी. बुधवारी यंत्र झकास चाललं. त्याने जाळी काढली, खाली बोट फिरवलं, कान लावून पंपाचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "ड्रेन पंप वीक झालाय, मॅडम." पंप बदलला, पैसे दिले. पुढच्या शनिवारी पोह्यांच्या बश्या आणि आदल्या रात्रीची कढई आत असताना कोड पुन्हा हजर. या वेळी दुसरा मुलगा आला. त्याने पहिल्याचं बिल पाहिलं आणि म्हणाला, "पंप नवा आहे, म्हणजे आता बोर्डच." बोर्डाची किंमत ऐकल्यावर मी "घरी विचारून कळवते" हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं उत्तर दिलं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आमच्याकडे दुधाच्या पिशव्या, सिलेंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या असं सगळं लिहिलेलं असतं. त्याच चौकोनांत मी डिशवॉशरही लिहायला लागले. किती वाजता लावला, कोड आला का, आला तर सुरुवातीला की शेवटी, आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं. या शेवटच्या नोंदीनेच घोळ उलगडला. कोड आला त्या प्रत्येक वेळी शेजारी वॉशिंग मशीन चालू होतं.

पुण्यातल्या अनेक फ्लॅटमध्ये ही दोन्ही यंत्रं ड्राय बाल्कनीत खेटून उभी असतात. आमच्या प्लंबरने दोघांचे पाणी सोडायचे पाइप वाय आकाराच्या जोडाने एकाच नळीत घातले होते. चादरी, टॉवेल, गणवेश हे मोठं धुणं निघतं सुट्टीच्या सकाळी. वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की नळी तुडुंब. त्याच वेळी डिशवॉशरला पाणी ढकलायचं असलं, तर पंप कितीही नवा असो, पाणी जाणार कुठे? एकदा कोड आल्या आल्या मी जाळी उचलून पाहिली. खाली राखाडी, साबणाचं पाणी साचलेलं आणि त्यात निळ्या टॉवेलचा एक धागा. भांड्यांच्या यंत्रात टॉवेलचा धागा! दुसरं काही तपासायची गरजच उरली नाही. दोन पाइप वेगळे केले आणि कोड गेला. बोर्ड अजून पहिलाच आहे.

२०२०च्या टाळेबंदीत मावशींना येता येईना, तेव्हा आमच्या सोसायटीत बरेच डिशवॉशर शिरले. आता त्यांच्या वॉरंट्या संपल्या आहेत आणि कोड सुरू झाले आहेत. त्यामुळे माझ्याकडे विचारणा होते, "ताई, आमच्याकडे अमुक कोड आलाय, काय करू?" माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कधी आला?

हा प्रश्न का, ते सांगते. यंत्राला स्वतःच्या पोटातलं फारसं काही कळत नाही. पाणी आत येताना एक छोटं चाक फिरतं, त्याचे फेरे ते मोजतं. पाण्याची पातळी किंवा दाब सांगणारा एक सेन्सर, तापमान सांगणारा एक, दार लागलं की नाही ते सांगणारा स्विच, आणि अगदी बुडाच्या ट्रेमध्ये पाण्यावर तरंगणारा थर्मोकोलसारखा एक तुकडा. काही मॉडेलांत पाण्याचा गढूळपणा पाहणारा सेन्सरही असतो. बाकी सगळं घड्याळावर चालतं. इतक्या मिनिटांत पाणी भरलं पाहिजे, इतक्या मिनिटांत तापलं पाहिजे, इतक्या मिनिटांत बाहेर गेलं पाहिजे. ठरल्या वेळेत ते झालं नाही की कोड. का झालं नाही, हे त्याला माहीत नसतं. म्हणून 'पाणी बाहेर जात नाही' याचा अर्थ 'पंप गेला' असा लावणं ही यंत्राची नव्हे, आपली उडी आहे.

बॉशच्या यंत्रांवर ई२४ आणि ई२५ हे कोड पाणी बाहेर जाण्याबद्दलचे, एलजीवर त्यासाठी ओई, सॅमसंगवर ५सी, जुन्या मॉडेलांवर ५ई. पाणी आत येत नसेल तर एलजी आयई दाखवतं, सॅमसंग ४सी. गळतीसाठी बॉशचा ई१५ प्रसिद्ध आहे. पण शेजारणीच्या यंत्राचा अर्थ आपल्या यंत्राला लावू नका. तोच आकडा वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळ्या कारणासाठी वापरलेला असतो, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर दार उघडल्यावर दाराच्या कडेला छापलेला सापडतो, त्यावरून ती परत मिळवता येते.

कोड दिसला की लगेच बटण बंद करायची घाई नको. आधी मोबाइलवर फोटो काढा, कारण बंद करून पुन्हा लावल्यावर कोड नाहीसा होण्याची शक्यता असते आणि मग दुरुस्तीवाल्यासमोर सांगायला काही उरत नाही. मग यंत्र बंद करा, प्लग भिंतीतून ओढून काढा (नुसता स्विच बंद करून भागत नाही), पाण्याची तोटी बंद करा. काही मिनिटं थांबून पुन्हा लावून पाहायला हरकत नाही, पण एकदाच. दुसऱ्यांदाही तोच कोड आला तर ती तक्रार खरी समजायची.

पाणी बाहेर न जाणं हा आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि त्याला आपलं जेवण बऱ्यापैकी जबाबदार आहे. यंत्राच्या तळाची जाळी शितं, मोहरी, कढीपत्ता अडवते, पण जाळी नीट फिरवून घट्ट बसवली नसेल तर हे सगळं खाली पंपात जातं. नव्या स्टीलच्या डब्यावरचं कागदी लेबल हा तर पंपाचा हाडवैरी. गरम पाण्यात ते सुटतं, लगदा होतो आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतं. जाळी काढल्यावर खालच्या खळग्यातलं पाणी जुन्या कपाने आणि स्पंजने काढा. तिथे सरळ बोटं घालू नका, फुटलेल्या ग्लासची काच पाण्यात दिसत नाही. पाणीही सौम्य नसतं, डिशवॉशरची पावडर चांगलीच क्षारधर्मी असते, तेव्हा हातमोजे घाला.

काही यंत्रांत या खळग्याच्या बाजूला प्लास्टिकचं एक झाकण असतं आणि ते चमच्याच्या दांड्याने उचकटून काढता येतं. आत पंपाचं पातं. ते बोटाने, म्हणजे मोज्यातल्या बोटाने, हळूच फिरवून पाहायचं. ते गुळगुळीत फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. आत चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरायला हवं. आमच्या समोरच्या वहिनींच्या घरी या अडखळण्यावर बोट ठेवून "पंप जाम आहे" असं कुणीतरी सांगून गेलं होतं. खरा जाम पंप अजिबात हलत नाही. वहिनींच्या पात्यात लिंबाची बी अडकली होती आणि ती काढल्यावर यंत्र चालू झालं. झाकण परत बसवताना 'टक' असा आवाज आला पाहिजे. ते सैल राहिलं तरी कोड येतो.

पंप मोकळा असेल तर मागचा पाइप पाहा. मॉड्युलर किचनमध्ये यंत्र मागे ढकलताना तो मुडपतो. सिंकच्या खालच्या सांडपाण्याच्या तोटीला पाइप जोडला असेल तर आणखी एक गंमत असते. त्या नव्या तोटीचं तोंड आतून प्लास्टिकच्या पडद्याने बंद असतं आणि पाइप लावण्याआधी तो कापायचा असतो. घाईतला प्लंबर तो कापायचा विसरतो. नव्याकोऱ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी पाणी न जाण्याचा कोड आला, तर मी सगळ्यात आधी तिथेच बघायला सांगते.

उलट प्रकारही होतो. पाइपचं टोक मोरीच्या जाळीत खाली टाकलेलं असलं तर पाणी भरताना सायफन होऊन तसंच बाहेर वाहत राहतं. यंत्र पाणी घेतंय, पाणी निघून जातंय, घड्याळ संपतं आणि कोड येतो तो मात्र 'पाणी येत नाही' असा. माणूस मग नळ तपासत बसतो. पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली सोडला की हा प्रकार थांबतो.

पाणी न येण्याच्या कोडबाबत वेळेचा प्रश्न फार कामाला येतो. आमच्या वरच्या, सातव्या मजल्यावरच्या काकूंकडे हा कोड सकाळी नऊच्या सुमाराला यायचा, रात्री अकराला कधीच नाही. गच्चीवरची टाकी त्यांच्या डोक्यावरच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. टाकीतलं पाणी नळापेक्षा जेमतेम चार मीटर वर असेल तर दाब ०.४ बार, आणि अनेक डिशवॉशरांना किमान ०.५ बार लागतो. सकाळी टाकी अर्धी झाली आणि सगळ्या इमारतीचे नळ चालू असले की तोही घसरतो. दुसऱ्या मजल्यावर तेच यंत्र सुखाने चालतं, कारण तिथे पाणी वीस-बावीस मीटरवरून येतं. काकूंना लोकांनी व्हॉल्व्ह बदलायला सांगितला होता. मी त्यांना बादली लावायला सांगितली. ज्या तोटीला यंत्र जोडलंय ती पूर्ण सोडून दहा लिटरची बादली मिनिटभरात भरते का, ते सकाळी एकदा आणि रात्री एकदा पाहायचं. सकाळी बादली अर्धीही भरली नाही. त्यांनी छोटा प्रेशर पंप बसवला. तो बसवायचा नसेल तर रात्री लावणं हाही उपायच आहे, आणि फुकट आहे.

दाब व्यवस्थित असून कोड येत असेल, विशेषतः सोसायटीची टाकी धुतल्यानंतर, तर पाण्याच्या पाइपच्या टोकाला नखाएवढी बारीक जाळी असते ती पाहा. टाकी धुतली की तळाचा गाळ नळ्यांत उतरतो आणि त्या जाळीत येऊन बसतो. चिमट्याने अलगद काढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत लावा. आटे घट्ट करताना पक्कड वापरून जोर काढू नका, रबरी वॉशर दबून फाटतो आणि गळतीला सुरुवात होते. काही यंत्रांच्या पाइपला नळाच्या टोकाशी एक प्लास्टिकचा डबा असतो. तो गळती झाली की पाणी तोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपच्या आतून वायर गेलेली असते. असा पाइप लांब पडतोय म्हणून कापायचा नाही, आणि पाण्यात बुडवायचाही नाही.

गळतीचा कोड आला की यंत्र पुढे चालत नाही. पंप मात्र एकसारखा घरघरत राहतो आणि तोटी बंद केली तरी कोड जात नाही. बुडाच्या ट्रेमध्ये पाणी साचून तो तरंगता तुकडा वर उचलला गेलेला असतो. तो खाली बसत नाही तोवर यंत्र ऐकत नाही. यावर एक तोडगा तोंडोतोंडी फिरतो : यंत्र पुढे कलतं करा, पाणी सांडेल, कोड जाईल. आणि कोड जातो, यात खोटं काही नाही. पण पाणी ट्रेमध्ये आलं कुठून, हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असं कलतं करून अनेक महिने काम चाललं, आणि शेवटी यंत्राशेजारच्या कपाटाचं प्लायवुड फुगून दार लागेना, तेव्हा गळती सापडली. कलतं करायचंच असेल तर प्लग काढून, तोटी बंद करून, आतलं पाणी उपसून आणि दोन माणसांनी मिळून करा. मोठं यंत्र ४०-५० किलोच्या घरात भरतं. त्यानंतर मात्र खालची पट्टी काढून, बुडाशी कोरडं वर्तमानपत्र पसरून एक छोटी सायकल लावा आणि कागद कुठे पहिल्यांदा ओला होतो ते टॉर्च लावून पाहा.

कारणं बहुतेक साधीच निघतात. भांड्यांचा नेहमीचा लिक्विड साबण आत घातला की फेस होतो, आणि फेस दाराच्या फटींतून कुठेही जातो. अशा वेळी सायकल रद्द करायची, दार उघडं ठेवून फेस बसू द्यायचा, मग साबण न घालता एकदा विसळून घ्यायचं. मोठी परात किंवा ताट उभं अडकलं तर फवारा थेट दाराच्या खालच्या रबरावर बसतो. आणि ड्राय बाल्कनीची एक खास भानगड आहे. तिथल्या फरशीला नहाणीच्या जाळीकडे उतार दिलेला असतो. यंत्र त्या उतारावर तसंच ठेवलं की आतलं पाणी एका बाजूला कलतं, दारापाशी चढतं आणि पातळीचा अंदाजही चुकतो. यंत्राच्या पायांना फिरवायचे स्क्रू असतात. गवंड्याकडची पाणसळ आणून दोन्ही दिशांनी सपाट करून घ्या. सोसायटीतल्या दोन-तीन 'गळक्या' यंत्रांचा रोग एवढाच होता.

पाणी न तापण्याच्या कोडमध्ये घरी करण्यासारखं कमी. हिटर मोठी वीज ओढतो, तेव्हा यंत्र १६ अँपिअरच्या, चांगलं अर्थिंग असलेल्या सॉकेटवर हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर नको आणि इन्व्हर्टरवर तर नकोच. थंडीत भल्या सकाळी कोड येत असेल आणि त्याच वेळी घरातले गीझर चालू असतील, तर व्होल्टेज किती मिळतंय ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आणि यंत्र लावल्यावर एमसीबी किंवा ईएलसीबी पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नका. हिटरमधून वीज बाहेर येत असण्याची शक्यता असते. तिथे आपला हात लागता कामा नये.

हिटरचा सावकाश जीव घेतं ते बोअरचं आणि टँकरचं पाणी. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की आतून पांढरा थर धरतो, फवाऱ्याची भोकं बुजतात, भांड्यांवर डाग राहतात. यंत्रात मीठ घालायची जागा असते ती याच्यासाठी. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारे मणी आत असतात आणि ते मिठाच्या पाण्याने धुतले जाऊन पुन्हा ताजे होतात. तिथे डिशवॉशरचंच जाड मीठ घाला. जेवणातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते त्या भागात अडकतात. मीठ घालताना सांडलं तर लगेच सायकल लावा, स्टीलवर खारं पाणी बसून राहिलं की गंज चढतो. पाणी किती जड आहे ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. इथे वॉटर प्युरिफायरवाल्याच्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्या मिळतात, किंवा सोसायटीने पाणी तपासून घेतलं असेल तर त्या अहवालात आकडा असतो. थर चढलाच असेल तर रिकाम्या यंत्रात डिशवॉशरची डिस्केलिंग पावडर घालून गरम सायकल चालवा.

एवढं करूनही कोड राहिला तर माणूस बोलवायचाच. यंत्र वॉरंटीत असेल तर स्क्रू उघडायच्या आधीच बोलवा. फोनवर नुसतं "चालत नाही" सांगू नका. कोड, तो सायकलच्या सुरुवातीला येतो की शेवटी, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि जाळी, पाइप, बादली यांपैकी काय काय तपासून झालं, ते सांगा. तो येईल त्या दिवशी ज्या परिस्थितीत कोड येतो तीच परिस्थिती उभी करा. आमच्याकडे त्या बुधवारी वॉशिंग मशीन लावलं असतं, तर पंपाचे पैसे वाचले असते. बदललेला भाग मागून घ्या, बिलावर त्याचं नाव आणि त्याची वॉरंटी लिहून घ्या. आणि 'बोर्ड' हा शब्द निघाला की विचारा, बोर्ड गेलाय हे कशावरून ठरवलं? मीटर लावून "हे बघा, इथून पुढे सप्लाय जात नाही" असं दाखवलं तर ठीक. "बाकी सगळं बदलून झालंय" एवढंच उत्तर आलं, तर त्याला चहा द्या, व्हिजिटचे पैसे द्या आणि घरी विचारून कळवते म्हणा.